ज्याच्यावर जीव आहे, त्याच्या कर्जाला जामीन राहताना

पतसंस्थेच्या कर्जाच्या टेबलावर मी ११ वर्षं बसते. जामीनदारांना रोज सांगते, "ताई, वाचून सही करा." तरी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्याच्या टेम्पोच्या कर्जासाठी मी दुसऱ्या एका संस्थेत जाऊन न वाचता सात ठिकाणी सह्या केल्या. ३ लाख, १३ टक्के, ३६ महिने. पाच हप्त्यांनंतर त्याने भरणं थांबवलं, मग फोन उचलणंही. उरलेलं मी फेडलं.

कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर कर्जदाराची जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकलेलं कर्ज वसूल करायचा हुकूम, निघतो, त्यात जामीनदाराचंही नाव येतं. पण त्याने पेन पुढे केलं तेव्हा "हप्ता थकला तर?" हे ओठांवर आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. त्याला काय वाटेल! ती लाज ओळखायला शिका. हिशोबाचा साधा प्रश्न विचारताना जीभ अडखळली की पेन खाली ठेवायचं.

अर्ज घरी आणा, त्या दिवशी सही नाहीच. कर्जदाराच्या नावावर कागदाची पट्टी ठेवा. तिथे समोरच्या बिल्डिंगमधला, नुसता तोंडओळखीचा माणूस आहे असं समजा आणि उत्पन्न, जुनी कर्जं, तारण ओळीने वाचा. त्या माणसाला तुम्ही जामीन राहिला असता का?

त्याचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आधीची कर्जं आणि हप्ते कसे फेडले याची नोंद, मागा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. "माझ्यावर भरवसा नाही?" असं आलं, तर "आहे" म्हणा आणि रिपोर्ट पुन्हा मागा.

मग हप्ता आपल्या पगारातून वजा करा. माझा होता १०,१०८ रुपये, पगार २२ हजार. दोन महिने तेवढे पैसे खरोखर बाजूला काढून घर चालवून बघा. कागदावरच्या वजाबाकीत आईची औषधं दिसत नाहीत.

मदत करायचीच असेल, तर परत नाही आले तरी चालतील एवढेच पैसे हातात द्या.

आणि सही करून बसला असाल, पण कर्जाची रक्कम अजून उचललेली नसेल, तर आजच शाखेत लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पैसे उचलल्यावर नुसतं "आता मला जामीन राहायचं नाही" म्हणून सुटका होत नाही.