टायटल सर्चच्या कामात येताय? आधी 'ए.कु.मॅ.' शोधायला शिका

वकिलीची सनद मिळाल्यावर कोर्टात उभं राहण्यापेक्षा जमिनीच्या कागदांत रमणारे थोडेच असतात. तुम्ही त्यातले असाल आणि टायटल सर्च (जमिनीच्या मालकीचा कागदोपत्री शोध) आणि त्याचे अहवाल, दस्त, मृत्युपत्रं, हक्कसोड या बाजूला यायचं ठरवत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी सातारा जिल्ह्यात हेच काम करते. जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची जुनी नोंद, समोर आला की अजूनही पोटात गोळा येतो.

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), खरेदीखत हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. 30 वर्षांचा शोध घेतात हेही माहीत असेल. नोंदणी विभागाचा ऑनलाइन शोध ग्रामीण भागात साधारण 2002 पर्यंतच मागे जातो. त्याआधीचं सगळं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून चाळायचं, त्याला पर्याय नाही.

मी अडकले ती जागा मात्र वेगळी आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

जुन्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव फक्त थोरल्याचं. आता समजा, 1952 साली वडील वारले, मागे तीन मुलगे. फेरफार झाला, थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलं. हाताने लिहिलेले सातबारे ठरावीक वर्षांनी नव्या पुस्तकात उतरवले जायचे. अशाच एका पुनर्लेखनात नाव उतरलं आणि ती अक्षरं गळाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. 1978 ला थोरला गेला. वर्दी, म्हणजे तलाठ्याला मृत्यूची खबर, त्याच्याच मुलांनी दिली, त्यामुळे वारस म्हणून त्याचीच बायको-मुलं लागली. पुढं संगणकीकरण झालं. आज तुमच्या हातात येतो तो सातबारा इतका स्वच्छ असतो की बघत राहावं. चार नावं, बोजा नाही, इतर हक्कांचा रकाना कोरा.

धाकट्या दोन भावांच्या शाखा कुठं गेल्या? कुठंही नाही. त्यांचा हिस्सा तसाच शाबूत आहे. फेरफार महसुलासाठी असतो, तो मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 157 नोंद खरी मानतं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. "12 वर्षांवर ताबा आहे, आता कोण येतंय?" असं विकणारा हमखास म्हणेल. ऐकू नका. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्यात सगळ्यांचा ताबा असतो. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारून त्याला बाहेर ठेवलं हे सिद्ध झाल्याशिवाय ती 12 वर्षं मोजायलाच सुरुवात होत नाही. आणि रस्ता रुंद झाला, भाव वाढला, की भावकी वाटपाचा दावा घेऊन येतेच.

आता यातली खरी गोम बघा. हे सगळं घडलं 1952 ते 1978 मध्ये. तुमचा 30 वर्षांचा शोध सुरू होतो त्याच्या कितीतरी नंतर. म्हणजे शोध नियमाप्रमाणे, पावती जोडून, प्रामाणिकपणे केला तरी ही गोष्ट त्यात दिसत नाही. म्हणून शेतजमीन असेल तर इंडेक्स टू 30 वर्षं आणि फेरफार मात्र मिळतील तिथपर्यंत मागे, सगळेच्या सगळे. प्रत्येक वारस फेरफाराशेजारी वंशावळ काढा आणि शाखा मोजा. एक जरी कमी भरली तर नोंदणीकृत वाटपपत्र किंवा हक्कसोडपत्र मागा. स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेली हक्कसोड चालत नाही. दस्त नसेल तर अहवालात सरळ लिहा, अमुक शाखेने हक्क सोडल्याचा दस्त आढळला नाही. 'निर्वेध व निर्धोक' हे शब्द तिथं वापरू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

हाच हिशेब बहिणींचा. 'इतर हक्क' रकान्यात बहिणींची नावं दिसली की "त्या काय, नावापुरत्या" असं तलाठी कार्यालयाबाहेरचा कुणीही सांगेल. वडील 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील तर त्या वारसच आहेत, रकाना कुठलाही असो. 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाचा पालक) दिसलं तर तिथंही थांबा. अज्ञानाची जमीन पालकाने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर 3 वर्षांत ती विक्री रद्द करून मागू शकतो.

घाबरलात? घाबरू नका. हे काम शिकता येतं. घरात वकिली नसली तरी चालतं आणि इंग्रजीवर फार अडत नाही. गावात वाढलेल्याला भावकी कळते, आणि ती कळणं हे इथं मोठं भांडवल आहे. मोडी मात्र शिका. पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं. जुना फेरफार दुसऱ्याकडून वाचून घेणारा वकील कायम त्या दुसऱ्यावर अवलंबून राहतो, असं माझं ठाम मत आहे.

सीनिअर निवडताना ऑफिस किती मोठं आहे ते बघू नका. आधीच्या अहवालाची फाइल देऊन "नावं बदल आणि दे" म्हणणाऱ्याकडे एक दिवसही थांबू नका. रेकॉर्ड रूमला पाठवणारा आणि परत आल्यावर "हे नाव पुढं कुठं गेलं?" विचारणारा सीनिअर मिळाला, तर पगार कमी असला तरी चिकटून राहा. दलालांनी आणलेल्या "आजच पाहिजे" कामांपासून पहिली काही वर्षं लांबच राहा. बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिच्यासाठी अहवाल देणाऱ्या वकिलांच्या यादीत, नाव लागायला वेळ लागतो. तोवर मृत्युपत्रं, वारस नोंदीचे अर्ज, सोसायटीतल्या सदनिकांचं हस्तांतरण यावर घर चालतं. तिथं एवढंच सांभाळा की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्याचं कलम 154ब-13 त्याला वारस ठरेपर्यंत फक्त तात्पुरता सभासद मानतं.

सरावासाठी फारसे पैसे लागत नाहीत. बिल्डरच्या प्रकल्पांचे टायटल रिपोर्ट महारेराच्या संकेतस्थळावर असतात, आपल्या तालुक्यातले काढून वाचा. त्यातली नावं घेऊन वंशावळ मांडा. मग स्वतःच्या घरचा सातबारा घ्या, तहसीलला नकलेचा अर्ज करा आणि आजोबांच्या आधीच्या फेरफारापर्यंत जा.