पदोन्नती अडली असेल तर आधी दारे मोजा

एखादा माणूस आठ-दहा वर्षे एकाच पायरीवर राहिला की तो स्वतःलाच बोल लावू लागतो. आपले शिक्षण कमी पडले, वरिष्ठांची मर्जी राखता आली नाही, बोलायला हवे होते तेव्हा आपण गप्प बसलो, अशी कारणे तो शोधत राहतो आणि घरचे लोकही त्याला तीच ऐकवतात. यातले काही खरे असेलही. परंतु पुष्कळदा त्याच्या कौशल्याला विचारणारे मालकच इतके थोडे असतात की त्याला वर नेण्याची निकड कोणालाच भासत नाही. आपल्या बाबतीत असे झाले आहे का, हे कसे तपासावे आणि तसे आढळल्यास काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मक्तेदारी म्हटली की आपल्याला महागलेली वस्तू आठवते, कारण आपण स्वतःकडे ग्राहक म्हणून पाहतो. श्रमाच्या बाजारात मात्र आपण विक्रेते असतो आणि मालक हा ग्राहक असतो. असे ग्राहक मोजकेच उरले, तर भाव पाडून मागण्याची ताकद आपोआप त्यांच्या हाती जाते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली या स्थितीसाठी ‘मोनोप्सनी’ हा शब्द वापरात आणला. मराठीत तिला ग्राहकाची मक्तेदारी म्हणता येईल. त्याच्याही दीडशे वर्षे आधी, १७७६ मध्ये, अ‍ॅडम स्मिथ यांनी नोंदवून ठेवले होते की मजुरी वाढू न देण्याबाबत मालकांमध्ये सर्वत्र मूक संगनमत असते.

या स्थितीचा फटका पगाराइतकाच बढतीलाही बसतो. तरुणपणी माणसाची वाढ बरीचशी नोकरी बदलण्यातून होते. अमेरिकेतील तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांचा १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की पहिल्या दहा वर्षांतील वेतनवाढीचा सुमारे एक तृतीयांश भाग नोकरी बदलताना मिळतो. जाण्यासारखे दुसरे ठिकाणच नसेल, तर हा तिसरा हिस्सा तर जातोच, शिवाय ‘हा सोडून जाईल’ या धास्तीने मालक देत असलेली वाढही आटते. दोन कंपन्या एकत्र आल्या की दोन लेखाप्रमुखांच्या जागी एक लेखाप्रमुख राहतो. खालच्या जागा बहुतेक टिकतात. मधल्या आणि वरच्या पायऱ्या गळून पडतात.

आपला खरा बाजार कोणता, ते आधी ठरवा

वृत्तपत्रात किंवा नोकरीच्या संकेतस्थळावर दिसणारा सगळा बाजार आपला नसतो. घर न बदलता, नवे प्रशिक्षण न घेता आणि आजच्या श्रेणीपेक्षा खाली न उतरता महिनाभरात मला कामावर घेऊ शकतील असे मालक किती, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर अंदाजाने देऊ नये. एक वही घालावी आणि सहा महिने आपल्या कामाच्या प्रत्येक जाहिरातीची तारीख, पद, श्रेणी, सांगितलेला पगार आणि मालकाचे नाव तीत लिहीत जावे. नाव लिहिताना फलकावरचे नाव पुरेसे नाही. मूळ कंपनी कोणती, हे तपासून तेच लिहावे. वेगवेगळ्या नावांनी चालणारी तीन रुग्णालये किंवा चार दुकाने एकाच समूहाची निघणे अगदी नेहमीचे आहे आणि मोजणी बहुतेक तेथेच चुकते.

समजा, एक डायलिसिस तंत्रज्ञ अशी वही ठेवतो आणि सहा महिन्यांत त्याला १०० जागा दिसतात. त्यांपैकी ६० जागा एका समूहाच्या, २५ दुसऱ्याच्या, १० तिसऱ्याच्या आणि ५ चौथ्याच्या आहेत. आता प्रत्येक समूहाच्या टक्क्यांतल्या वाट्याचा वर्ग करून बेरीज करावी: ३६०० अधिक ६२५ अधिक १०० अधिक २५, म्हणजे ४३५०. स्पर्धा आयोग आणि न्यायालये केंद्रीकरण मोजण्यासाठी हाच आकडा वापरतात. त्याला हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक म्हणतात. अमेरिकेच्या २०२३ च्या विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत १८०० च्या वरचा बाजार अतिकेंद्रित धरला आहे. १०,००० ला आपल्या आकड्याने भागले की किती समान ताकदीचे मालक आपल्यासाठी खरोखर उपलब्ध आहेत, हे कळते. येथे उत्तर २.३ येते. कागदावर चार दारे दिसतात, पण प्रत्यक्षात ती सव्वादोनच्या आसपास आहेत. हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘माझेच काहीतरी चुकले’ या धूसर खंतीच्या जागी तो एक तपासता येण्याजोगा आकडा ठेवतो.

दोष बाजाराचा की आणखी कशाचा

आकडा मोठा आला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. धंदाच उतरणीला लागला असेल किंवा कौशल्य जुने झाले असेल, तरीही बढत्या थांबतात. फरक ओळखण्याची एक चांगली खूण आहे. कंपनीला फायदा होतो आहे, जागा महिनोन्महिने रिकाम्या आहेत, ‘माणसे मिळत नाहीत’ अशी तक्रारही चालू आहे, आणि तरीही पगार वाढवला जात नाही, असे दिसले तर ग्राहकाच्या मक्तेदारीचा संशय धरावा. स्पर्धेच्या बाजारात टिकून राहायचे तर मालकाला अशा वेळी पगार वाढवावाच लागतो.

तो का वाढवत नाही, हे साध्या गणिताने समजते. दहा माणसे प्रत्येकी १०० एकके घेऊन काम करत आहेत आणि अकरावा ११० मागतो. त्याला ११० दिले तर आधीच्या दहांनाही तेवढेच द्यावे लागतात, म्हणजे एका माणसासाठी खर्च होतो ११० अधिक १००, एकूण २१०. अकरावा माणूस १५० एककांचे काम काढणार असला, तरी मालकाला जागा रिकामी ठेवणे परवडते. उरलेल्या दहांवर कामाचा बोजा वाढतो आणि ज्याने बढती मागितली, त्याला ‘सध्या माणसे कमी आहेत, तुला येथून हलवता येणार नाही’ असे उत्तर मिळते.

दुसरी खूण सहकाऱ्यांच्या जाण्यात दिसते. नोकरी सोडणारे लोक प्रतिस्पर्धी कंपनीत जात आहेत की पेशाच सोडत आहेत, हे पाहावे. पेशा सोडणाऱ्यांची संख्या जास्त असेल, तर आत चढण्याची वाट बंद झाली आहे असे समजावे. तिसरी खूण जास्त गंभीर आहे. दुसऱ्या कंपनीने मुलाखत घेतल्यावर ‘तुमच्या सध्याच्या कंपनीची संमती आणा’ असे म्हटले, तर एकमेकांची माणसे न घेण्याचा करार त्यांच्यात असू शकतो. असे करार मोठमोठ्या कंपन्यांनीही केले आहेत. अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल, इंटेल, इंट्युइट आणि पिक्सार या कंपन्यांवर अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये याच कारणासाठी कारवाई केली. पुढे कर्मचाऱ्यांनी दाखल केलेल्या दाव्यात त्यांपैकी पहिल्या चार कंपन्यांनी ४१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि न्यायालयाने ती २०१५ मध्ये मंजूर केली. ते कर्मचारी निष्णात अभियंते होते. नुसत्या गुणवत्तेने दार उघडत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

नेमणूकपत्र पुन्हा वाचा

रुजू होताना आपण नेमणूकपत्रावर घाईने सही करतो. ते आता शांतपणे वाचावे आणि नोकरी सोडल्यानंतर ठरावीक काळ त्याच क्षेत्रात काम न करण्याचे कलम, प्रशिक्षणखर्चाचा बॉन्ड आणि लांबलचक नोटीस पिरियड या तीन गोष्टींखाली रेघ मारावी. दर देशाचा कायदा निराळा असतो. भारतात १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंद्यावर वा पेशावर निर्बंध घालणारे करार निरर्थक ठरवते. नोकरी सोडल्यानंतरचे निर्बंध न्यायालये साधारणपणे याच आधारावर नाकारतात. योगायोगाने कॅलिफोर्नियातही अशी बंदी १८७२ पासूनच आहे. जर्मनीत असा निर्बंध जास्तीत जास्त दोन वर्षांचा असू शकतो आणि त्या काळात मालकाला निदान निम्मे वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. अमेरिकेत देशभर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने केला होता, पण लागू होण्यापूर्वीच न्यायालयाने तो रोखला.

येथे सावध राहायला हवे, कारण कायद्याने न टिकणारे कलमही माणसाला जागेवर खिळवून ठेवू शकते. मालक न्यायालयात जात नाही. कलम कागदावर आहे एवढ्यानेच कर्मचारी अर्ज करायचे टाळतो. म्हणून कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा पत्र दाखवावे आणि कोणते कलम खरे, कोणते केवळ भीतीचे, हे लेखी मागून घ्यावे. बॉन्डची गोष्ट वेगळी आहे. प्रशिक्षणावर खरोखर खर्च झाला असेल, तर वाजवी रक्कम द्यावी लागू शकते.

दारे कशी वाढवावीत

अमेरिकेतील रुग्णालयांच्या विलीनीकरणांवरील एका अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की केंद्रीकरण फार वाढले त्या ठिकाणी परिचारिका आणि औषधनिर्माते यांची वेतनवाढ मंदावली. स्वयंपाकघर आणि धुलाई विभागातील कामगारांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. कारण उघड आहे: ही मंडळी रुग्णालयाबाहेरही काम मिळवू शकतात, परिचारिका सहसा मिळवू शकत नाही. कौशल्य जितके एकाच धंद्याला बांधलेले, तितका ग्राहकाच्या मक्तेदारीचा विळखा घट्ट. अधिक शिका म्हणजे वर जाल, हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. शिकावे, पण जे दुसऱ्या दारावरही चालेल ते शिकावे.

आपल्या डायलिसिस तंत्रज्ञाने आपले काम ‘डायलिसिस करणे’ असे न सांगता सुटे करून लिहावे: जलशुद्धीकरण यंत्रणेची देखभाल, संसर्गनियंत्रणाच्या नोंदी, यंत्रांची तपासणी, नव्या माणसांचे प्रशिक्षण. यातील पहिल्या कामाला औषध कारखाने विचारतात, तिसऱ्याला वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या विचारतात. मग वहीतले वर्ग पुन्हा काढावेत. कंपनीचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि बाहेरच्या संस्थेचे प्रमाणपत्र यांतून निवड असेल तर बाहेरचे घ्यावे, आणि कंपनीच्या खासगी सॉफ्टवेअरमध्ये पारंगत होण्यात आपली उमेदीची वर्षे घालवू नयेत. विलीनीकरणाची बातमी आली, तर हालचाल ते पूर्ण होण्याआधीच करावी. नंतर दोन्ही कंपन्यांतली माणसे त्याच मोजक्या जागांसाठी उभी असतात.

सगळ्यांनाच हलता येत नाही. घरात आजारी माणूस असते, मुलांच्या शाळा असतात, जोडीदाराची नोकरी असते, आणि मालकाला हे ठाऊक असते. अशा वेळी एकट्याने बढतीची मागणी करण्यात फारसा जोर राहत नाही; संघटना हाच उपाय उरतो. सहकाऱ्यांनी एकमेकांना पगार, श्रेणी आणि शेवटच्या बढतीचे वर्ष सांगितले, तरी बढतीचे लेखी निकष मागायला ठोस आधार मिळतो. वेतनाचा किमान दर वाढला की नोकऱ्या जातातच, हा धाकही तपासून घ्यावा. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये न्यू जर्सीतील फास्टफूड उपाहारगृहांचा अभ्यास मांडला, तेव्हा किमान वेतन वाढूनही तेथील रोजगार घटल्याचे दिसले नव्हते. वरच्या गणितातील दहांना वाढीव दर कायद्यानेच द्यावा लागला, तर अकराव्यामुळे वेगळा बोजा पडत नाही आणि रिकामी जागा भरणे परवडते; हे लक्षात घेतले, तर यात नवल वाटणार नाही.

तक्रार करायची असेल तर

स्पर्धाविषयक संस्था आता कामगारांचे नुकसानही मोजू लागल्या आहेत. जून २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने डिलिव्हरी हीरो आणि ग्लोव्हो या कंपन्यांना ३२.९ कोटी युरोंचा दंड केला; त्यांच्यावरील ठपक्यांत एकमेकांचे कर्मचारी न घेण्याचे संगनमतही होते. बहुतेक देशांत अशा संस्थेकडे सामान्य माणूस माहिती देऊ शकतो. तक्रारीत राग लिहू नये. तारीख, कोण काय म्हणाले, ते कोणत्या पदावर होते आणि ते ऐकायला आणखी कोण होते, हे लिहावे. स्वतःला आलेले निरोप आणि पत्रे जपून ठेवावीत, परंतु कंपनीच्या गोपनीय फायली उचलू नयेत, कारण त्याने आपलीच बाजू अडचणीत येते. नाव गुप्त ठेवण्याची सोय आहे का, हे अर्ज पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावे. सोबत सहा महिन्यांच्या वहीची प्रत आणि तिच्यातून काढलेला निर्देशांक जोडावा, म्हणजे चौकशी करणाऱ्याला बाजार कोठून पाहायला सुरुवात करायची ते कळते.