चिप-संशोधनासाठी सरकारी अनुदान मागताय? या चुका टाळा

प्रस्ताव मागवणारी सरकारी जाहिरात, म्हणजे कॉल, निघतो तेव्हा कोणी फोन करत नाही. मुदत संपायला दोन दिवस उरले की फोन सुरू होतात. ‘सर, जरा नजर टाकता का?’ चाळीस पानांची पीडीएफ, त्यातली पहिली चार पानं भारत सेमीकंडक्टरमध्ये महासत्ता कसा होणार यावर, आणि बजेट अर्ध्या पानात उरकलेलं. मी हल्ली उलटा वाचतो. आधी बजेट, मग वेळापत्रक, कल्पना सगळ्यात शेवटी. बहुतेकांच्या बाबतीत कल्पनेपर्यंत पोचायची वेळच येत नाही.

जुनं कोटेशन चिकटवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला एका प्रस्तावात, डिव्हाइसचं करंट-व्होल्टेज मोजणारा, पॅरामीटर अ‍ॅनलायझर मागितला होता. शेजारच्या विभागातल्या मित्राकडे वर्षापूर्वीचं कोटेशन होतं, तेच लावून दिलं. नवं मागवायचं तर विक्रेत्याच्या मागे आठवडाभर लागावं लागतं आणि मला घाई होती. किंमत ५० हजार डॉलर, डॉलर ७४ रुपयांचा, म्हणजे ३७ लाख. आमच्या संस्थेला तेव्हा संशोधनाच्या उपकरणांवर सवलतीचा ५ टक्के जीएसटी लागायचा. धरून ३८.८५ लाख. प्रस्ताव मंजूर झाला, पेढे वाटले.

खरेदीची फाइल हलेपर्यंत वर्ष संपत आलं. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली होती आणि १८ टक्के लागू झाले होते. डॉलर ८२ च्या घरात. तेच यंत्र आता ४८.३८ लाखांना. साडेनऊ लाखांचा खड्डा, आणि यात सीमाशुल्क, विमा, वाहतूक अजून धरलेलीच नाही. उपकरणांच्या शीर्षाखाली मंजूर झालेला आकडा आपोआप वाढत नाही. दुसऱ्या शीर्षातून पैसे वळवायचे तर परवानगी हवी, आणि तो कागद परत येईपर्यंत कोटेशन पुन्हा जुनं होतं.

शेवटी त्या यंत्रातले चारऐवजी दोनच एसएमयू (व्होल्टेज देऊन करंट मोजणारे भाग) घेतले. मॉसफेट म्हणजे चिपमधला ट्रान्झिस्टर, त्याला टोकं चार. गेट आणि ड्रेनला एसएमयू लावले, सोर्स ग्राउंड केला, बॉडीला टेबलावरचा साधा पॉवर सप्लाय जोडून दिवस काढले. बॉडीतून होणारी बारीक गळती मोजायची राहिलीच, आणि प्रस्तावाचा दुसरा उद्देश नेमका तोच होता! अंतिम अहवालात तो परिच्छेद लिहिताना जे शब्द शोधले, ते मलाच वाचवत नाहीत.

तेव्हापासून तीन महिन्यांपेक्षा जुनं कोटेशन मी लावत नाही. डॉलर आजच्या भावापेक्षा पाच-सहा टक्के चढा धरतो, कर, वाहतूक आणि एएमसी (वार्षिक देखभाल) यांच्या ओळी वेगळ्या लिहितो. ही काही पद्धत वगैरे नाही, पोळलेल्या माणसाची सवय आहे.

सगळं स्वतःच्याच लॅबमध्ये हवं

साध्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून क्लीन रूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली, मागणारे प्रस्ताव येतात. क्लीन रूम बांधण्यापेक्षा ती रोज चालू ठेवणं महाग असतं, हे वीजबिल पाहिलेल्या कुणालाही विचारा. आयआयटी मुंबईसारख्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांत बाहेरच्या संशोधकांना काम करता यावं म्हणून केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचा आयएनयूपी हा कार्यक्रम आहे. तिथे जा, हात काळे करा, चार डिव्हाइस बनवून मोजा. त्या मोजमापाचा एक आलेख प्रस्तावात असला की बाकीची दहा पानं कमी लिहिली तरी चालतात.

डीएलआयला (चिप-डिझाइनच्या प्रोत्साहन योजनेला) अनुदान समजणं

माझा एक जुना विद्यार्थी नोकरी सोडून आला. ‘सर, डीएलआयमधून १५ कोटी मिळतात. ते आले की माणसं घेतो.’ त्याने योजनेची बातमी वाचली होती, योजना नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींचा सेमीकॉन कार्यक्रम जाहीर झाला, त्यातलीच ही डिझाइनची योजना. १५ कोटी ही कमाल मर्यादा, तीही पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, आणि परतफेड म्हणून. म्हणजे आधी तुम्ही खर्च करायचा, पावत्या ठेवायच्या, मग मागायचे. शिवाय प्रोत्साहन घेतल्यावर तीन वर्षं कंपनी भारतीय मालकीची राहिली पाहिजे. परदेशी गुंतवणूकदाराशी बोलणी चालू असतील तर हे कलम आधी वाचा. पोराने ते माझ्यासमोर बसून वाचलं आणि बराच वेळ चहाला हात लावला नाही. पुढे त्याने सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या चिपइन केंद्रातून डिझाइनची सॉफ्टवेअर वापरायला मिळतात का ते पाहायला घेतलं. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

तेराव्या महिन्यात चिप

‘महिना १ ते १२: डिझाइन. महिना १३: चिपची चाचणी.’ हे वाचलं की लिहिणाऱ्याने आजवर टेप-आउट केलेलं नाही, म्हणजे पूर्ण झालेलं डिझाइन बनवायला पाठवलेलं नाही, हे कळतं. शटलची, म्हणजे अनेकांची डिझाइनं एकत्र बनवायच्या फेरीची, तारीख फॅब (चिपचा कारखाना) ठरवते, तुम्ही नाही. ती हुकली की पुढच्या शटलची वाट पाहा. मग फॅब्रिकेशनचे महिने, पॅकेजिंग, आणि चाचणीचा पीसीबी, ज्याचा विचार नेहमी चिप हातात आल्यावरच सुचतो. मी शेवटच्या महिन्यापासून मागे मोजत येतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेन्सिलने. तसं मोजलं की डिझाइनला उरलेले महिने पाहून घाम फुटतो, आणि मग माणूस सर्किटच्या तीन ब्लॉकऐवजी एकच ब्लॉक लिहितो. आणि हो, मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरचं तंत्रज्ञान मिळतं; आकडा जितका लहान तितकं ते बारीक आणि महाग. ४० लाखांत ७ नॅनोमीटरची स्वप्नं लिहू नका, समितीतली माणसं हसतात.

बाकीच्या, पटापट

एसईआरबी या केंद्राच्या संशोधन-अनुदान मंडळाला उद्देशून पत्र. ते २०२४ मध्ये एएनआरएफमध्ये (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) विलीन झालं. जुना मसुदा चिकटवलाय हे पहिल्याच ओळीत उघडं पडतं.

जेआरएफचं (ज्युनियर रिसर्च फेलोचं) मासिक मानधन ३१ हजार लिहिणं. जानेवारी २०२३ पासून ते ३७ हजार आहे, वर घरभाडं.

को-पीआयला (सहसंशोधकाला) न विचारता त्याचं नाव टाकणं. तो समितीतल्या कुणाचा तरी मित्र असतोच.

ब्रेडबोर्डवर दिवा लागला की टीआरएल ६ (तंत्रज्ञान किती तयार आहे याची पातळी) लिहिणं. दिवा लागला, एवढंच लिहा.

प्राचार्यांच्या सहीचं पत्र शेवटच्या दिवशी मागणं. त्या दिवशी ते मुंबईला मीटिंगला असतात. नेहमीच.

जुन्या प्रकल्पाचं यूसी, म्हणजे पैसे कसे खर्चले याचं प्रमाणपत्र, अडकलेलं असताना नवा अर्ज करणं. त्याचा जीएफआर १२-ए हा सरकारी फॉर्म भरायला वीस मिनिटं लागतात, पण अकाउंट्सचा आकडा आणि तुमचा आकडा जुळायला दोन महिने. आमचे अकाउंट्समधले भाऊसाहेब चारनंतर सही करत नाहीत आणि मार्चमध्ये तर फोनही उचलत नाहीत, म्हणून मी जानेवारीतच सगळ्या पावत्यांची फाइल घेऊन त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसतो.