पेपर टाकण्याआधी: राजीनामा कसा द्यावा आणि नोटीस पिरियड कमी कसा करून घ्यावा

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा... पुण्याच्या या पट्ट्यात नोकरी करणाऱ्याला ‘नव्वद दिवस’ एवढं म्हटलं तरी पुढचं सांगावं लागत नाही. नवी कंपनी म्हणते महिन्याभरात या, जुनी म्हणते तीन महिने सोडत नाही. मधल्या मधे माणसाची झोप उडते. एचआरमध्ये बारा वर्षं मी हे राजीनामे हाताळले. ज्यांना लवकर मोकळं केलं गेलं, त्यांतले बहुतेक जण आपल्या कामाचा हिशेब मांडून घेऊन आले होते. नुसती विनंती घेऊन आलेल्यांसाठी इच्छा असूनही मला फारसं काही करता यायचं नाही.

पायरी १: कागद काढून वाचा

अपॉइंटमेंट लेटर शोधा. सोबत कन्फर्मेशनचं पत्र आणि एचआर पोर्टलवरची सध्याची पॉलिसीही काढा, कारण प्रोबेशनमध्ये तीस दिवसांची असलेली नोटीस कायम झाल्यावर नव्वदची झालेली असू शकते. खासगी कंपनीतले हे नव्वद दिवस सरकारी नियमातून आलेले नसतात. तुम्ही सही केलेल्या करारातून ते येतात, म्हणून त्यातला शब्द न् शब्द महत्त्वाचा.

सगळ्यात आधी बायआउटचं, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघण्याचं, कलम बघा. ‘दोन्हींपैकी कोणताही पक्ष नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार देऊ शकेल’ असं लिहिलं असेल, तर पैसे भरून लवकर निघण्याचा मार्ग तुमच्या हातात आहे. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असं असेल, तर नुसते पैसे पुढे करून भागत नाही, संमती मिळवावी लागते. पुष्कळ लोक हा फरक भांडण सुरू झाल्यावर वाचतात.

मग कमी पडलेल्या दिवसांची वसुली मूळ वेतनावर की एकूण पगारावर, ते बघा. समजा मूळ वेतन ५०,००० आणि एकूण पगार १,००,००० आहे. नव्वदऐवजी साठ दिवसांत निघायचंय, म्हणजे तीस दिवस कमी पडतात. शिल्लक रजेतून बारा दिवस वळते करून मिळाले, तर उरले अठरा. तीस दिवसांचा महिना धरला, तर अठरा दिवसांचे मूळ वेतनावर ३०,००० होतात आणि एकूण पगारावर ६०,०००. रजा नोटिशीत वळती होते का, नोटीस चालू असताना रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलतात का, हेही त्याच बैठकीत वाचून घ्या. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट किंवा बाँड (ठरावीक काळाआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) असेल, तर त्याची तारीख वहीत लिहून ठेवा.

पायरी २: तारीख ठरवा

नव्या कंपनीचं सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत पेपर टाकू नका. ‘उद्या पाठवतो’ हे फोनवरचं आश्वासन म्हणजे ऑफर नव्हे. त्या भरवशावर राजीनामा देऊन घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी मला काहीच करता आलं नाही.

ग्रॅच्युइटीचंही गणित करा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. ५०,००० वर पाच वर्षांचे सुमारे १,४४,२३१ रुपये होतात. चार वर्षं दहा महिने झाले असतील, तर तुमचा शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पलीकडे जाईल असा राजीनामा द्या. अशा वेळी लांब नोटीस तुमच्याच कामाला येते. वार्षिक बोनस कोणत्या तारखेला हजेरीपटावर असणाऱ्यांना मिळतो, तेही बघा. काही कंपन्या नोटिशीवर असलेल्यांना तो देत नाहीत.

पायरी ३: साहेबांना सांगा, आणि त्याच दिवशी मेल करा

आधी मॅनेजरला समोर बसून सांगा. आपल्या माणसाचा राजीनामा एचआरकडून कळला की कोणालाही लागतं, आणि पुढे दिवस कमी करायला त्याच माणसाची ‘हो’ लागणार असते.

पण बोलणं झालं की त्याच दिवशी मेल गेला पाहिजे. एका मुलाने मॅनेजरला तोंडी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, ‘अरे थांब जरा, मी वर बोलतो.’ बोलण्यात तीन आठवडे गेले आणि नोटीस मोजली गेली ती मेलच्या तारखेपासून. नव्या नोकरीची तारीख हुकली. मॅनेजर वाईट नव्हता, त्याला खरंच माणूस सोडायचा नव्हता.

मेल इंग्रजीत लिहायचा असला, तरी मजकूर एवढाच हवा: ‘मी आजच्या तारखेने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. करारानुसार माझी नोटीस अमुक तारखेला संपते. कामाचं हस्तांतर त्याआधी पूर्ण होऊ शकेल, म्हणून अमुक तारखेला कार्यमुक्त करावं ही विनंती. हस्तांतराचा आराखडा सोबत जोडला आहे. कृपया राजीनामा मिळाल्याचं आणि शेवटचा दिवस लेखी कळवावा.’ कारणं, तक्रारी, पगाराचं रडगाणं यांतलं काही नको. मेल मॅनेजरला आणि एचआरला एकत्र पाठवा आणि एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद होतो. फक्त आपल्या राजीनाम्याचीच प्रत घ्या, कंपनीची कुठलीही फाइल घरी पाठवू नका.

पायरी ४: दिवस कमी करून घेणं

इथे घाई करू नका. मॅनेजरच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा गेला की याचं काम कोण करणार? त्याचं उत्तर तुम्ही आणायचं.

टेस्टिंगमधल्या एका मुलीने हे इतकं नीट केलं की तिचा कागद मी नंतर इतरांना नमुना म्हणून दाखवत असे. एका पानावर तिने आपली सगळी कामं लिहिली. प्रत्येकासमोर तीन गोष्टी होत्या: ते सध्या कुठवर आलंय, टीममधलं कोण ते घेऊ शकेल, आणि शिकवायला किती दिवस लागतील. बेरीज अडतीस दिवसांची आली. त्यावर तिने स्वतःहून एक आठवडा जास्त धरला आणि म्हणाली, ‘सर, पंचेचाळीस दिवसांत यातलं काही लटकलेलं राहणार नाही. राहिलं तर मी थांबते.’ मॅनेजरने दोन नावं बदलली आणि पंचेचाळीसला सही केली. तिने आकडा मागितला नव्हता, मोजून दाखवला होता, आणि मोजलेल्या आकड्याला ‘नाही’ म्हणायला मॅनेजरलाही कारण लागतं.

आराखडा पुरला नाही, तर रजा वळती करायला सांगा. तेही कमी पडलं, तर बायआउट. आणि या सगळ्यासोबत दुसरी बाजूही ताणून बघा. नव्या कंपनीला स्पष्ट विचारा की रुजू होण्याची तारीख दोन-तीन आठवडे पुढे जाईल का. अनेकदा जाते, लोक विचारतच नाहीत. बायआउटची रक्कम ती कंपनी भरून देणार असेल, तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. ती रक्कम तुमच्या करपात्र पगारात धरली जाते आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुधा परत मागितली जाते.

आईच्या आजारपणाचं खोटं कारण मात्र सांगू नका. खऱ्या अडचणीत असलेल्या माणसावरही मग कोणी विश्वास ठेवत नाही.

काउंटर ऑफर आली, म्हणजे जुनी कंपनीच पगार वाढवून थांबा म्हणाली, तर एक रात्र विचार करा. पगार हेच जाण्याचं एकमेव कारण असेल, तर थांबायला हरकत नाही. कारण साहेबांचा स्वभाव किंवा कामाचा कंटाळा असेल, तर वाढलेल्या पगाराने ते बदलणार नाही.

पायरी ५: कंपनी ऐकतच नसेल तर

तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही. सोडल्यानंतर दुसरीकडे नोकरी करूच नये, ही अटही १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण म्हणून मधूनच यायचं बंद करू नका. नोंद ‘फरार’ अशी होते आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत ती समोर येते. कराराप्रमाणे पैशांची मागणी होऊ शकते. बाँडही हलक्यात घेऊ नका: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. अशा वेळी तुमचं म्हणणं, आराखडा आणि बायआउटची तयारी शांतपणे मेलवर मांडत राहा. रक्कम मोठी असेल, तर कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

पायरी ६: शेवटचे दिवस

लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच घ्या. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि एफ अँड एफचा, म्हणजे शेवटच्या पूर्ण हिशेबाचा, तपशील मागा. पूर्वी कंपन्या हिशेबाला महिना-दीड महिना लावत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन देण्याची तरतूद आहे, तिचा उल्लेख करून विचारा. हिशेबात नोटीस वसुलीवर जीएसटी लावला असेल, तर ३ ऑगस्ट २०२२ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक दाखवा. अशा वसुलीवर जीएसटी नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल, तर त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, ते नोटीस चालू असतानाच विचारून ठेवा. नव्या कंपनीला आधीच्या पगाराचा तपशील द्या, नाहीतर दोन्हीकडे करसवलत मोजली जाते आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठा कर निघतो.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक) वळवा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला, तर त्यावर कर लागू शकतो. दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर जाऊन नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का बघा. जुन्या कंपनीने ती रिकामी ठेवली असेल, तर आधारच्या ओटीपीने तुम्हाला ती स्वतःच भरता येते.