पहिल्या वर्षाला सांगलीकडं येताय? मग हे वाचा

आमचं गाव जतच्या पुढं. सांगली-मिरज भागातल्या एका कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले होते. तिसऱ्या आठवड्यात मी डिसेक्शन हॉलबाहेर उभा होतो. आत मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मलीननं डोळे चुरचुरत होते. निदान बघणाऱ्याला तसंच वाटावं, अशी माझी इच्छा होती.

झालं होतं एवढंच, की व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ॲनाटॉमीच्या सरांनी ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे हाताकडं जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या, शेवटच्या फांद्या विचारल्या. मला येत होत्या, पण इंग्रजीत जीभ अडली. सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "तुला इथं पाठवलं कुणी?" पुढं दोन महिने मी ते पान उघडलंच नाही. त्याच आठवड्यात फिजिऑलॉजीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "आधी मराठीत सांग, शब्द मागनं बसवू." त्या विषयाचा मला कधी ताण आला नाही. डोकं तेच, पुस्तकं तेवढीच जाड.

पुढं एका सीनियरनं त्याच्या प्रोजेक्टसाठी 'ड्रीम' प्रश्नावली भरून घेतली. कॉलेजातलं शिकायचं वातावरण कसं आहे, ते विद्यार्थ्यांकडून मोजून घेणारी. ही 1997 ची, स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातली. 50 विधानं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 200. शिकवणं, शिक्षक, स्वतःच्या अभ्यासावरचा भरवसा, वातावरण, मित्रपरिवार, सगळं त्यात येतं. माझी बेरीज 92 आली. 51 ते 100 म्हणजे भरपूर अडचणी. 'ताण आलेल्यांना आधाराची सोय आहे' याला मी शून्य दिला होता. खरं तर मला एक मेंटॉर, म्हणजे अडचणी सांगायला एक शिक्षक, नेमून दिलेले होते. नोटीस बोर्डावर यादी लागली होती, मीच वाचली नव्हती. म्हणून सगळं खापर कॉलेजवर फोडत नाही, निम्मं फोडतो.

तुम्ही पहिल्याच महिन्यात मेंटॉरना भेटून या, काम नसलं तरी. बिनधास्त प्रश्न विचारता येतील असा एक शिक्षक आणि एक सीनियर हेरून ठेवा. हजेरी थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागते, तिच्याशी खेळू नका. पहिलं वर्ष पास व्हायला चार संधी असतात. एखादा विषय राहिला म्हणून कुणी घरी पाठवत नाही. रॅगिंग झालं तर 1800-180-5522. रात्री जीव फारच घाबरा झाला तर 14416, टेली-मानस, मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि रविवारी संध्याकाळी भडंगाचा पुडा घेऊन कृष्णेच्या घाटावर जात जा. पुस्तक रूमवर ठेवून. मी न्यायचो, एकदाही उघडलं नाही.

त्याच सरांपुढं परत व्हायव्हा झाली तेव्हा हात कापतच होते. पाचही फांद्या सांगितल्या. त्यातल्या 'अल्नर'चं परत 'अल्नार' झालं, सर काही बोलले नाहीत.