ट्रेलरवर गाडी नेताय? मग या चुका टाळा

खान्देशात ट्रॉलीचं कोणाला नवल नाही. रावेर-यावलकडची पोरं केळीच्या ट्रॉलीवर बसूनच मोठी होतात. त्यामुळे कोणी जुनी जीप किंवा अँबेसिडर विकत घेतली आणि ट्रेलरवर टाकून आणायचं ठरवलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काही व्हत नही भाऊ, ट्रॉलीच शे ना ती!"

ट्रॉलीच आहे, पण ट्रॅक्टर वीस-पंचवीसनं चालतो आणि तो बनवलाच आहे ओढायला. तुमची एसयूव्ही माणसं न्यायला बनवली आहे, आणि तुम्ही तिच्याकडून हायवेला ऐंशीनं दोन-अडीच टन ओढून घेणार आहात.

मला जुन्या गाड्या आणून उभ्या करायचा नाद आहे, त्यामुळे नवशिके फोन करतात. प्रश्न एकच: "माझी गाडी ओढेल का?" ओढेल हो. हल्लीची डिझेल इंजिनं काहीही ओढतात. धुळ्याजवळच्या लळिंगच्या उताराला ती थांबेल का, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आधी वजन. अँबेसिडर अकराशे किलोच्या पुढे, जुनी डिझेल सफारी एकोणीसशेच्या आसपास. लोक एवढंच मोजतात आणि ट्रेलरचं वजन विसरतात. गाडी वाहायचा लोखंडी ट्रेलर रिकामा सातशे-आठशे किलोचा असतो. म्हणजे सफारी घेऊन निघालात तर मागे पावणेतीन टन झाले, आणि पुढे तुमची एसयूव्ही दीड ते दोन टनांची. मागचा पुढच्यापेक्षा जड! जाहिरातीत जिला मिडसाइज म्हणतात ती, बिनचेसिसची (खाली वेगळी लोखंडी चौकट नसलेली), सव्वा-दीड टनाची गाडी या कामाला आणूच नका. तिच्या मागच्या पत्र्याला वेल्डिंग करून बसवलेला हुक म्हणजे शोभेची वस्तू. अशा वेळी सरळ फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक बोलवा, त्यात कमीपणा नाही. चेसिसवाली गाडी असेल तरी हुक आणि गाडी किती भार घ्यायला बनवलेत ते आधी बघा, वर बसलेली माणसं आणि सामान त्यात धरा. भागत नसेल तर तिलाही फ्लॅटबेडच.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: गाडी ट्रेलरवर उलटी चढवणं.

आपल्याकडे बैलगाडी उलाळ झाली म्हणतात ना, तसंच. मागे भार जास्त झाला की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला लागतं. म्हाताऱ्या माणसांना हे कळायचं. पोती भरताना पुढे किती, मागे किती, ते नजरेनं ठरवायचे. ट्रेलरचं गणित तेच आहे. ट्रेलर आणि त्यावरची गाडी मिळून जेवढं वजन, त्याचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडायला हवा. त्याहून कमी पडला की ट्रेलर सुटलेल्या वासरासारखा डावी-उजवीकडे उधळतो. जास्त पडला तर एसयूव्हीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. नाशिककडून एक सफारी आणत होतो. इंजिन जाम, गाडी ढकलतच चढवायची होती. समोरचा दोर बांधायचा हुक तुटलेला, मागचा शाबूत. भाचा म्हणाला, "मामा, उलटीच ओढून घेऊ ना, दहा मिनिटांचं काम." मलाही घरी पोहोचायची घाई. घेतली उलटी. आता सफारीचं सगळं जड इंजिन ट्रेलरच्या शेवटच्या टोकाला लटकत होतं. चांदवड गेलं, राहुड घाट सावकाश उतरलो, मालेगाव गेलं. काही झालं नाही, आणि त्यामुळेच भीड चेपली. लळिंगच्या उताराला काटा पंचाहत्तरवर होता. उजवीकडून एक कंटेनर गेला आणि त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर हलला. आधी हलकाच, कोणी मागून बंपर धरून हलवावा तसा. मग मोठा. आरशात सफारी एकदा डाव्या बाजूला दिसायची, एकदा उजव्या. मी जे करायचं नसतं तेच केलं: ब्रेक दाबला. पुढची गाडी थांबायला लागली, मागचा बिनब्रेकाचा लोंढा थांबेना. ट्रेलर वळून आला आणि कात्री झाली. माझ्या स्कॉर्पिओचा मागचा कोपरा आत गेला, हुक वाकला, ट्रेलरचं एक चाक रस्त्याच्या कडेला मातीत रुतलं. मागे तेवढ्यात कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

धुळ्याहून क्रेन आली. त्या माणसानं सफारी उचलली, फिरवली, इंजिन पुढच्या बाजूला करून ठेवली आणि फक्त एवढंच विचारलं, "उलटी कोणी चढवली होती?" भाचा लगेच टायर बघायला गेला.

ट्रेलर डोलायला लागला तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, ब्रेकला पाय लावू नका. ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असेल तर तेवढंच हळू वापरा. वेग उतरला की डोलणं थांबतं. मग बाजूला उभे राहा आणि वरची गाडी पुढे सरकवा. "आता हळू चालवतो" म्हणून तसंच पुढे निघायचं नाही.

भार मोजायला आपल्याकडे सोय आहे. कापसाच्या जिनिंगच्या आसपास वजनकाटा असतोच. एसयूव्ही सोडून फक्त ट्रेलर, वरच्या गाडीसकट, काट्यावर घ्या. मग एसयूव्हीला जोडून, तिची चाकं काट्याबाहेर ठेवून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर उभी करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. २७०० आणि २३८० आले तर ३२० किलो, म्हणजे बारा टक्क्यांच्या जवळ. टक्का बसला, पण हुकाला तीनशेवर किलो झेपतात का हे वेगळं बघायचं. माझी सवय अशी की एकदा जमलं की पुढच्या चाकाची जागा ट्रेलरच्या फळीवर पिवळ्या रंगानं आखून ठेवतो. माझ्या ट्रेलरवर आता अशा चार रेघा आहेत, प्रत्येकीला गाडीचं नाव.

दुसरी नावडती चूक घाटातली. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शहाणे अजून आहेत. ट्रेलर मागे असताना हे केलं की सगळा भार ब्रेक पॅडवर जातो. पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ पडतं आणि एका वळणाला पाय तळाला जातो. कन्नड घाट उतरताना मी घाट सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकतो आणि खाली चाळीसगावकडे लागेपर्यंत तो सोडत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. बिजासन घाट उतरून पळासनेरकडे येणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. २०२३ च्या जुलैत तिथे ब्रेक गेलेला ट्रक हॉटेलात घुसला आणि माणसं गेली.

आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाला विचारतो, "ब्रेक कशाला, पाच-दहा हजार वाचतील." तेच पाच-दहा हजार नंतर डेंटिंगवाला घेतो.

साखळी. हुक निसटला तर ट्रेलर गाडीशी धरून ठेवायला दोन साखळ्या, ट्रेलरच्या पुढच्या दांडीखालून कात्रीसारख्या आडव्या, म्हणजे दांडी रस्त्यावर न पडता त्यात झेलली जाते. एक साखळी आणि वर नायलॉनची दोरी, हा प्रकार बंद करा.

बांधणी चाकांना करायची, बंपरला नाही. रॅचेटचे (दांडा मागे-पुढे करून आवळायचे) पट्टे चार, दोर नाही. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे, कारण पहिल्या खड्ड्यांनी ते ढिले होतातच. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी बांधली असं होत नाही.

ट्रेलरचे टायर वर्षातून चारदा फिरतात, झिजत नाहीत, पण उन्हात उभे राहून तडकतात. नक्षी बघू नका, बाजूचे चार आकडे बघा: आठवडा आणि साल. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दुपारी ट्रेलर घेऊन निघणाऱ्याला मी काही सांगत नाही. मी पहाटे चारला निघतो आणि चहाला थांबलो की आधी ट्रेलरच्या चारही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाला, उलटा हात लावतो. कोमट ठीक. तीन कोमट आणि चौथ्याला हात टेकवेना, तर बेअरिंग जातंय. तिथेच चाक उचला, "जळगाव आलंच" म्हणू नका.

ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, आणि दिवे-इंडिकेटर चालू हवेत. निघण्याआधी एकाला मागे उभं करून बघायचं, एवढंच.

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातीत ट्रेलर घालू नका. वरून वाळलेली दिसते, खाली लोणी असतं.

रिव्हर्सचं शिकवायला मी कोणाला बसवत नाही. केळीच्या बागेत अरुंद बांधावरून ट्रॉली उलटी घालणारं एखादं पोर गाठा आणि अर्धा दिवस त्याच्या शेजारी बसा. मीही तसाच शिकलो. त्यानं सांगितलेलं एवढंच: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा, ट्रॉलीचं बूड ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्यायचा, आणि चुकलं की पुढे घेऊन सरळ करून परत. तो तीनदा पुढे घ्यायचा. मला अजून पाचदा घ्यावं लागतं.