लघुपटाचा आवाज बिघडवणाऱ्या या चुका टाळा

लघुपटाच्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी मला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे कोणता माइक घ्यावा. उत्तर देण्याऐवजी मी सर्वांना डोळे मिटून दहा मिनिटे बसवतो आणि कानावर जे पडले ते कागदावर लिहायला सांगतो. बहुतेकांच्या कागदावर पाच-सहा आवाजांपलीकडे काही नसते. मग त्याच दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग ऐकवले की पंख्याची करकर, शेजारच्या वर्गातील बाक ओढल्याचा आवाज, लांबवर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची शीळ आणि कोणाच्या तरी पोटातील गुरगुरही त्यांना ऐकू येते. आपले मन नको असलेले आवाज गाळून टाकते, माइक गाळत नाही. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या एका फरकात आहे आणि महागडा माइक घेऊन तो मिटत नाही.

हेडफोन गळ्यात, कानावर नाही

आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरची पट्टी हलते आहे म्हणजे आवाज येतो आहे, असे नवशिक्यांना वाटते. मीटर आवाज किती आहे ते सांगतो, कशाचा आहे ते सांगत नाही. वक्त्याच्या सदऱ्याला कॉलर माइक लावलेला असतो, कॅमेऱ्यात मात्र त्याचा स्वतःचा माइक चालू राहतो, आणि संपूर्ण मुलाखत खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ऐकल्यासारखी मुद्रित होते, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही. प्रत्येक नव्या मांडणीपूर्वी मी माइकच्या जाळीवर नखाने हलके खरवडतो. ती खरखर हेडफोनमध्ये जवळून आली नाही, तर चुकीचा माइक चालू आहे.

ऑटो लेव्हलवर विसंबणे

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका गटाने पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीवर पाच मिनिटांचा लघुपट केला. विषय उत्तम होता, कारण तांब्याच्या भांड्यावरील मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोककाम, हे मुळातच डोळ्यांनी पाहण्याइतकेच कानांनी ऐकण्याचे काम आहे. पत्रा जसजसा ताठ होत जातो तसतसा हातोडीचा नादही बदलतो आणि जुना कारागीर त्या बदलाकडे कान देऊन काम करतो. मुलांनी चित्रीकरण मन लावून केले होते, परंतु कॅमेऱ्यातील आवाजाची पातळी ऑटोवर ठेवली होती.

ऑटो पातळीचे काम साधे असते. मोठा आवाज आला की ती दाब देते आणि शांतता आली की पुन्हा उचल देते. त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर आळीतील बाकी सर्व आवाज, म्हणजे सायकलची घंटा, बायकांचे बोलणे, पलीकडच्या दुकानातला रेडिओ, एकदम तळाशी जात होते आणि पुढच्या घावापर्यंत फुगत फुगत वर येत होते. आळी दमेकऱ्यासारखी धापा टाकत आहे, असे ऐकताना वाटे. शिवाय पहिला घाव फुटलेला, दुसरा दबलेला आणि तिसरा वेगळ्याच नादाचा लागत होता. ज्या नादातला बदल दाखवण्यासाठी हा लघुपट केला, तो बदल कारागिराच्या हाताने घडला की कॅमेऱ्याच्या यंत्रणेने, हे कोणालाही सांगता आले नसते. मुले दोन रात्री आवाजाची रेघ वरखाली करत बसली, पण एकदा दबलेला नाद पुन्हा उघडत नाही. अखेरीस ती तिसऱ्या दिवशी परत आळीत गेली.

माझी पद्धत अशी आहे. कारागिराला सर्वांत जोराचा घाव घालायला सांगावे, त्या घावाचे टोक मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावावी आणि मग तिला हात लावू नये. डिजिटल मीटरवर शून्याच्या वर काहीही मुद्रित होत नाही, तेथे आवाजाचे डोके छाटले जाते. आळीचा शांत आवाज हवा असेल तर हातोडी थांबल्यावर तो स्वतंत्रपणे घ्यावा. घाव आणि आळी या दोन्ही गोष्टी एकाच टेकमध्ये नीट मिळाव्यात, हा हट्ट घाईचा आहे. अलीकडे मुले मला ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरची महती सांगतात. त्यात पातळी नंतर सावरता येते हे खरे आहे, परंतु माइक कोठे धरायचा ते रेकॉर्डर ठरवत नाही. मोकळ्या जागेत आवाजापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, मात्र भोवतालचा गोंगाट तसाच राहतो, आणि हे गणित कोणत्याही बिटांनी बदलत नाही.

याच लघुपटात मुलांनी आणखी एक ‘दुरुस्ती’ केली होती. आळीच्या टोकावरून घेतलेल्या दृश्यात घाव दिसल्यानंतर एका फ्रेमने, म्हणजे चलचित्रातील एका स्थिर चित्राइतक्या वेळाने, आवाज येत होता, म्हणून त्यांनी तो एक फ्रेम आधी ओढला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे चौदा-एक मीटरवरून आलेला आवाज एक फ्रेम उशिरा पोहोचणारच. ती एक फ्रेम म्हणजे आळीची लांबी होती. मी आवाज परत मूळ जागी नेऊन ठेवायला लावला, मुलांना मात्र ते आजही पटलेले नाही.

रूम टोन न घेणे

रूम टोन म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज. तो न घेण्याची चूक माझी स्वतःची आहे आणि मी तिच्याबद्दल विद्यार्थ्यांवर जरा जास्तच रागावतो, त्याचे कारणही तेच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, त्याच्या आठवणी सांगणाऱ्या एका आजींची मुलाखत मी पेठेतल्या वाड्याच्या माजघरात घेतली होती. आजी थांबून थांबून बोलत, मध्येच खोकत आणि प्रत्येक वाक्य ‘म्हणजे काय झालं’ने सुरू करत. संकलनात मी काही खोकले आणि काही ‘म्हणजे’ काढून टाकले. प्रत्येक ठिकाणी जी फट पडली तेथे शांतता नव्हती, तेथे काहीच नव्हते. माजघराची शांतता ही एक भरीव वस्तू असते, तिच्यात भिंतींचा, अंगणाचा आणि दूरच्या रस्त्याचा सूक्ष्म आवाज मिसळलेला असतो. तो तुटला की प्रेक्षकाला दर वेळी टाइमलाइनच्या खड्ड्यात पडल्यासारखे होते.

दीड तासाच्या मुलाखतीतून मला निखळ शांततेचा केवळ दीड सेकंदाचा तुकडा मिळाला. तो मी पुन्हा पुन्हा जोडून सर्व फटी बुजवल्या आणि समाधानाने झोपी गेलो. दुसऱ्या दिवशी मित्राने लघुपट पाहून विचारले, ‘तुमच्या आजींच्या घरात पाली फार आहेत का हो?’ त्या दीड सेकंदात एक पाल अगदी हळू चुकचुकली होती आणि माझ्या कृपेने ती आता दर दीड सेकंदाला घड्याळाच्या नेमाने चुकचुकत होती. आजी पाणी सोनारांच्या पेढीपर्यंत आल्याचे सांगत आहेत आणि मागे पाल, आजी माणसे पत्र्यावर चढल्याचे सांगत आहेत आणि मागे पाल. शंकेची पाल चुकचुकणे हा वाक्प्रचार मी त्या दिवसापर्यंत केवळ वाचला होता.

तीन आठवड्यांनी परत जाऊन मी त्याच माजघराची शांतता मुद्रित केली, पण तोवर पाऊस सुरू झाला होता, पन्हळीतून पाणी गळत होते आणि जुन्या टेकशी ती कशीच जुळेना. शेवटी काढलेले खोकले मी परत बसवले, आणि खरे सांगायचे तर आजी त्यामुळे अधिक जिवंत वाटल्या.

आता मी प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण मिनिट रूम टोन घेतो. पंखा आणि दिवे मुलाखतीच्या वेळी जसे होते तसेच ठेवतो, माइकही जागचा हलवत नाही, कोणालाही खोलीबाहेर जाऊ देत नाही (माणसे बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो) आणि सुरुवातीला ‘रूम टोन, माजघर, पंखा बंद’ असे स्पष्ट बोलतो. हे सर्व ‘पॅकअप’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी उरकावे, कारण त्या शब्दानंतर एकही माणूस जागेवर राहत नाही. नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहणाऱ्यांना इतकेच सांगेन की ती जपून वापरल्यास उपयोगी पडतात, परंतु बटण शेवटपर्यंत फिरवले की माणूस बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटू लागतो.

सगळीकडे संगीत ओतणे

भाजी बिघडली की वरून फरसाण भुरभुरावे, तसे काही जण बिघडलेल्या आवाजावर बासरी आणि तानपुरा ओततात. तांबट आळीच्या पहिल्या प्रतीतही बासरी होती. हातोडीला स्वतःची लय असताना तिच्यावर बासरी कशासाठी, असे विचारल्यावर ‘फील येतो’ असे उत्तर मिळाले. मिशेल शिओं या फ्रेंच संगीतकार-अभ्यासकाने एक साधा अभ्यास सुचवला आहे. एकच प्रसंग आधी आवाज बंद करून पाहावा, नंतर चित्र झाकून ऐकावा आणि मग दोन्ही एकत्र घ्यावेत. मुलांनी चित्र झाकून स्वतःचा लघुपट ऐकला तेव्हा तो तांब्याविषयी आहे हे त्यांना स्वतःलाच ओळखता आले नाही, इतका बासरीने सारा नाद गिळला होता. माझ्याकडे संकलन पक्के होईपर्यंत संगीताचा ट्रॅक उघडायचाच नाही, असा नियम आहे. तो जाचक आहे हे मला मान्य आहे.

आणखी काही, थोडक्यात

रेकॉर्डरचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा, ४४.१ वर मुद्रित झालेली फाइल चुकून ४८ म्हणून वाचली गेली, तर माणूस सुमारे ९ टक्के जास्त वेगाने आणि चिरक्या आवाजात बोलतो. फोनने केलेल्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग अनेकदा कमीजास्त होतो आणि लांब मुलाखतीत ओठ व शब्द हळूहळू फारकत घेतात, म्हणून संकलनापूर्वी फाइल स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावी. ओठ जुळवताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नयेत, कारण त्यांतून आवाज उशिरा पोहोचतो. खरखरणाऱ्या कडक इस्त्रीच्या खादीवर आणि जरीच्या पदरावर कॉलर माइक लावण्याआधी दहादा विचार करावा. वाऱ्यात केसाळ टोपी नसलेला माइक उघडूच नये.

घरात मुलाखत असेल तर फ्रिज बंद करावा आणि आपल्या दुचाकीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना तो उघडावाच लागतो आणि पुन्हा चालू करण्याची आठवण राहते. मी ही सवय एकदाच मोडली, त्या घरी दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता आणि प्रसादासाठी आणलेले चार लिटर दूध सकाळपर्यंत नासले होते.